भांडी पालथी करायची न्हाय

सिनेमा आणि टीव्हीच्या पडद्यामागं काय काय चालतं ते उघडं करून दाखवणाऱ्या डॉक्युमेंटऱ्यांचं हल्ली नुसतं पेव फुटलंय. माझ्याकडं इंग्रजीच्या शिकवणीला येणारी पोरं हौसेनं सांगतात, "टीचर, ही बघा. टीचर, ती बघा. सगळं खोटं असतंय बघा तितलं." मी म्हणते, बघते. आणि बघत नाही. असल्या एका डॉक्युमेंटरीत आमच्या गल्लीतलं एक घर आलं होतं. तेवढी एक मला जन्माला पुरली.

ते घर नरसम्मा अक्काचं. माझ्या दारासमोरचं. अक्का आता नाही, घर आहे.

अक्का दिसली की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलास का?" सकाळी सातला भेटा, दुपारी चारला भेटा, हाच प्रश्न. पोस्टमनला तोच, मीटर बघायला येणाऱ्याला तोच, आणि आमच्या दिवंगत सासऱ्यांना न्यायला तिरडीचं सामान घेऊन आलेल्या माणसालाही तोच. तो बिचारा बांबू खांद्यावर घेऊन उभा. अक्का म्हणाली, "उपाशी पोटी असलं काम करू नको रं." आणि खरोखर त्याला ओट्यावर बसवून भात वाढला. आमचे लोक चिडले. अक्काला त्याचं काही नाही.

मी बार्शीहून लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा मला धड भाकरीही थापता येत नव्हती. पहिल्याच आठवड्यात अक्कानं चिंचेचा भात डब्यात घालून पाठवला. तेलुगू लोक करतात तसा, शेंगदाणे, कढीपत्ता, वरून तिळाचं कूट. मी भात खाल्ला, डबा घासला आणि मोठ्या शिष्टाचारानं परत द्यायला गेले. अक्कानं झाकण उघडलं, आत बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अय्यो, टीचर! रिकामा डबा देत्यात का कुणी? बार्शीत असं हाय का?"

"म्हणजे काय घालू त्यात?"

"काय बी. चिमूटभर साखर घाला. मिठाचा खडा घाला. पर रिकामा न्हाय."

गल्लीतल्या दहा बायकांसमोर बोलली. माझा असा पापड मोडला की काय सांगू. पण त्यानंतर आमच्या दोन घरांमध्ये तो पितळी डबा वीस-बावीस वर्षं ये-जा करत राहिला आणि एकदाही रिकामा गेला नाही. कधी कडाकण्या, कधी शेंगांची चटणी, काही नसलं तर साखर. माहेरच्या माणसांपेक्षा त्या डब्याशी माझी जास्त ओळख झाली.

अक्का विड्या वळायची. आमच्या भागात निम्म्या बायका वळतात, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली पानं, आणि तोंड मोकळं. हात आपले चाललेत, तोंड आपलं चाललंय. टीव्ही लागला की ती मालिकेतल्या माणसांशी बोलायची. सासू सुनेच्या दुधात काही घालायला लागली की अक्का ओरडायची, "अगं पिऊ नको, पिऊ नको!" सून प्यायलीच तर म्हणायची, "मर मग." आणि विडीला दोरा बांधायची. पद्मा, तिची मुलगी, हसून लोळायची. म्हणायची, "अम्मा, त्यांना ऐकू येत न्हाय." अक्का म्हणायची, "ऐकू येत न्हाय म्हनून सांगायचं न्हाय व्हय?"

दोन खोल्यांचं घर. वर पत्रा. अक्काच्या नवऱ्यानं, राजय्यानं, ते बांधलं. यंत्रमागावर काम करायचा तो. एक भिंत एका दिवाळीला, दुसरी पुढच्या दिवाळीला, असं करत घर उभं राहिलं. मी आले तेव्हा तो होता, पुढं छातीच्या दुखण्यानं गेला. अक्का त्याच्याविषयी फारसं बोलायची नाही, पण घराविषयी बोलायची. "ह्या घराला उपास म्हाईत न्हाय," हे तिचं वाक्य. राजय्या गेला त्या साली काम बंद होतं, तेव्हासुद्धा तिनं कुठून कुठून आणून चूल पेटवली. दर शुक्रवारी उंबऱ्याला हळद माखून कुंकवाचे ठिपके द्यायची. आणि भांडी! फळीवर सगळी भांडी सरळ. धुतली की पुसायची, पुसली की तोंड वर करून ठेवायची. मी एकदा तिच्याकडं भांडी विसळता विसळता दोन पातेली पालथी घातली, निथळावीत म्हणून. धावत आली. "पालथी न्हाय, पालथी न्हाय! पालथं भांडं अन्नाकडं पाठ करतंय." रात्रीसुद्धा पातेल्यात मूठभर भात ठेवायची. कोणी आलंच तर. बहुतेक मांजर यायचं.

आता त्या गाण्याच्या कार्यक्रमाकडं वळते. वळायला नको वाटतं, पण वळते.

आमच्या गल्लीच्या तोंडाला देशमाने राहायचे. सरकारी ऑफिसात क्लार्क, बायको सुनंदा, आणि मुलगी सई. सईचा आवाज खरंच गोड होता, यात वाद नाही. सोळा वर्षांची होती, टीव्हीवरच्या एका मोठ्या गाण्याच्या स्पर्धेत तिची निवड झाली. गल्लीत पेढे. मग चॅनेलची माणसं आली, सईच्या घरचं चित्रण करायला. देशमान्यांचं घर बघून त्यांचे चेहरे पडले. खाली फरशी, कोपऱ्यात फ्रीज, दारात दुचाकी. त्यांच्यातली एक बाई होती, केस वर बांधलेली, तिनं देशमान्यांना बाजूला घेतलं. काय म्हणाली ते नंतर सगळ्या गल्लीला कळलं. आवाज चांगला आहे हो, पण आवाजाला गोष्ट लागते. या घरात गोष्ट नाही.

देशमाने संध्याकाळी अक्काच्या दारात. "अक्का, उद्या दोन तास घर द्याल का? सईचं शूटिंग आहे. तुमच्या घरात सईचं घर दाखवायचंय."

दुसऱ्या कुणाला हे विचित्र वाटलं असतं. अक्काला वाटलं नाही, आणि इथंच सगळं चुकलं. आमच्या गल्लीत कुणाकडं लग्न निघालं की शेजारपाजारचे लोक आपली घरं जानवशाला मोकळी करून देतात. नवऱ्या मुलाकडची माणसं उतरणार म्हणून घरमालकीण घर सारवून, सजवून, किल्ली हातात देते आणि आपण दुसऱ्याच्या ओसरीवर झोपते. पद्धतच आहे. अक्काला वाटलं, हे तसलंच. "पोरीचं लगीनच हाय समजा," म्हणाली. "घ्या की."

आणि मग ती कामाला लागली. पद्माला पाठवून पिस्ता रंगाचा डबा आणवला. मायलेकींनी बसून पुढची खोली रंगवली. भांडी चिंचेनं अशी घासली की त्यात तोंड दिसावं. कॉटवर नवी कोरी चादर, पद्माच्या रुखवतासाठी ठेवलेली, घडी मोडून घातली. उंबऱ्याला हळद, दारात रांगोळी, चौकटीला झेंडूचं तोरण. आणि पातेलंभर चिंचेचा भात, पाहुण्यांसाठी.

सकाळी चॅनेलची माणसं आली, दारात थांबली, आणि ती केस वर बांधलेली बाई म्हणाली, "ओ गॉड."

अक्का पदर सावरून हसत उभी. "जेवलास का?" तिनं कॅमेरावाल्याला विचारलं.

जेवले ते. सगळे जेवले, पोटभर. कॅमेरावाल्यानं तर दोनदा घेतला भात, बोटं चाटली. आणि जेवून झाल्यावर त्यांनी तोरण काढलं. चादर काढली. रांगोळी पुसली. उंबऱ्यावर पाणी ओतून हळद खरवडली, कारण देशमान्यांच्या घरच्या उंबऱ्याला तेलुगू पद्धतीची हळद कशी असेल? बंबातली राख आणून त्या पिस्ता भिंतीवर ओल्या फडक्यानं फासली. अक्का बाहेर, आमच्या दारात उभी होती. तिला आत यायला मनाई होती. मी तिच्या शेजारी. ती म्हणाली, "घाण करायलेत व्हय टीचर?" मी म्हटलं, "शूटिंगसाठी आहे अक्का." जसं काही मला शूटिंगमधलं फार कळत होतं!

मग त्यांच्यातला एक जण फळीपाशी गेला आणि एकेक भांडं उचलून पालथं घालायला लागला. ज्या पातेल्यातून आत्ताच जेवला होता ते पातेलंसुद्धा. अक्का पुढं सरसावली. "ओ! ओ दादा! भांडी पालथी करायची न्हाय!" तिला थांबवलं. सुनंदानं तिचा हात धरला, "अक्का, दोनच मिनिटं, सईसाठी." अक्काची जुनी विटकी साडी नेसून सुनंदा आत जाऊन बसली, सूप मांडीवर घेतलं. विडी तिला काही वळता येईना, पान फाटायला लागलं. मग अक्काला आत बोलावलं, कॅमेऱ्याच्या खाली बसवलं आणि फक्त तिचे हात घेतले. तोंड सुनंदाचं, हात अक्काचे. आणि सुनंदा रडत रडत म्हणाली की या घरात कित्येक दिवस चूल पेटत नाही.

अक्का तिथंच बसली होती. हात चालू होते. डोळ्यांनी ती फळीकडं बघत होती.

त्याच महिन्यात पद्माची सुपारी फुटायची होती. मुलगा भिवंडीचा, यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम, मुलगी बघायला येऊन जेवून गेले होते, घर बघून गेले होते. स्वतःचं घर, नवऱ्यानं बांधलेलं, असं अक्कानं त्यांना अभिमानानं दाखवलं होतं. हे देशमान्यांना माहीत होतं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. भिवंडीतही टीव्ही असतो, एवढी साधी गोष्ट मात्र कुणाच्या टाळक्यात आली नाही.

तो भाग लागला त्या संध्याकाळी चौकात पडदा बांधला होता. अक्का पहिल्या रांगेत, सतरंजीवर. पडद्यावर ते घर आलं, राख फासलेल्या भिंती आल्या, खिन्न सारंगी वाजली. आणि खरं सांगते, आम्हाला सगळं माहीत होतं, भिंतीवरची राख आमच्यासमोर फासली होती, तरी आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी स्वतः पदरानं डोळे पुसले. मग पालथ्या भांड्यांची ओळ आली, आणि सुनंदाचा आवाज, चूल पेटत नाही. लोक हळहळले, कुणी तरी टाळ्या वाजवल्या. अक्का उठली, माणसांतून वाट काढत घरी गेली. थोड्या वेळानं सगळ्या चौकात फोडणीचा वास आला. जेवायची वेळ टळून गेली होती, त्या घरात सगळे जेवलेले होते, आणि अक्कानं चूल पेटवून भात टाकला होता. आम्ही पडद्याकडं बघत वास घेत बसलो.

चार दिवसांनी भिवंडीच्या मुलाचा काका आला. आधी अक्काकडं गेला नाही. गल्लीच्या तोंडाशी मेहबूबभाईचं सायकलचं दुकान आहे, तिथं त्यानं विचारलं, ते घर कुणाचं? मेहबूबभाई चाक फिरवत म्हणाला, "हमकू नै मालूम भाई." कारण गल्लीची बैठक झाली होती. फायनल होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, सोलापूरच्या पोरीचा प्रश्न आहे. किराणावाल्यानंही तेच सांगितलं. मी शिकवणी घेत होते. तो दारात आला तेव्हा मी म्हटलं, "मुलं बसलीत, नंतर या." वा! काय माझी अक्कल.

शेवटी तो अक्काकडं गेला. मी ओट्यावरून ऐकत होते.

"बाई, घर तुमचं का त्या देशमान्यांचं? आणि खायला नसतं म्हणतात ते खरं का?"

अक्का म्हणाली, "पोरीचं काम होऊ द्या. मग सांगते."

"कुठल्या पोरीचं?"

देशमान्यांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं होतं, तिनं फायनलपर्यंत गप्प राहायचा शब्द दिला होता. तिच्या लेखी शब्द म्हणजे शब्द. ती एवढंच म्हणाली, "जेवलास का?" तो माणूस जेवला नाही. त्या घरातून न जेवता गेलेला मी बघितलेला तो पहिला माणूस.

सुपारी फुटली नाही. सई फायनलमध्ये हरली. त्यानंतर देशमाने भिवंडीला जाऊन आले म्हणतात, खरं काय ते सांगून आले, पण मुलाचं दुसरीकडं ठरलं होतं आणि त्या लोकांना वाटलं, हा माणूस बाईची बाजू घ्यायला आलाय. मग देशमाने पुण्याला राहायला गेले. पद्मा शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात लागली. पुढं दोन स्थळं आली, तिनंच नको म्हटलं. एकदा मी तिला विचारलं तर म्हणाली, "टीचर, मला काय कमी हाय? मशीन हाय, अम्मा हाय." आईला तिनं एका शब्दानं बोल लावला नाही, आणि अक्काला तेच सोसत नव्हतं. मला म्हणायची, "शिव्या देत न्हाय हो ती. द्याव्या की. मी लोकाच्या पोरीसाठी गप बसले, माझ्या पोरीसाठी बोलले न्हाय. लाज वाटती टीचर, तिच्यापुढं ताट ठेवताना लाज वाटती."

लाज तिला वाटायची! आम्ही मात्र गणपतीत वर्गणी काढत होतो, हळदीकुंकू करत होतो, मजेत होतो.

गेल्या वर्षी सई आली. आता मोठी झालेली, लग्नाकार्यात गाते म्हणाली. सोबत तन्वी नावाची एक मुलगी, ती डॉक्युमेंटरी करत होती. असल्या कार्यक्रमांत स्पर्धकांची गरिबी कशी बनवतात ते दाखवणारी. सईनंच तिला सगळं सांगितलं होतं. सईनं अक्काचे पाय धरले आणि रडली, खरं रडली. अक्कानं तिला उठवलं आणि म्हणाली, "किती वाळलीस गं. जेवलीस का?"

तन्वी गुणी पोर होती. चप्पल बाहेर काढून बसली, अक्काला आजी म्हणाली. "आजी, तुमच्यावर अन्याय झाला. तुम्ही कॅमेऱ्यासमोर सांगा, सगळं जग ऐकेल."

अक्कानं विचारलं, "ह्या घरात कुणी उपाशी न्हवतं, हे सांगता येतंय का त्यात?"

"येतं की. तेच तर सांगायचंय."

"भिवंडीत दिसंल?"

"जगात कुठंही दिसेल आजी."

बस. अक्काला दुसरं काही नको होतं. तो मुलगा केव्हाच पोराबाळांचा बाप झाला असेल, पद्माच्या केसांत पांढरं आलं होतं, लग्न काही जुळणार नव्हतं. पण घराचं नाव! राजय्याच्या भिंतींवर कुणी तरी उपाशीपणाचा शिक्का मारला होता, तो पुसला जाणार होता. अक्कानं पुन्हा पिस्ता रंग आणला. म्हातारी झाली होती, हात वर जायचे नाहीत, खालची निम्मी भिंत तिनं रंगवली, वरची पद्मानं. उंबऱ्याला हळद, चौकटीला तोरण. चिंचेचा भात.

आणि ती बोलली. मी समोर होते. दुपारभर बोलली, रंगाबद्दल, राजय्याबद्दल, कुठल्या साली काय शिजवलं त्याबद्दल. रडली नाही. तन्वीनं दोनतीनदा विचारलं, "आजी, तेव्हा तुम्हाला आतून काय वाटलं?" अक्का म्हणाली, "आतून काय, भात लागू नये म्हनून बघत होते." मला हसू आलं. तन्वीला आलं नाही.

शेवटी ती माझ्याकडं आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, त्या दिवशीचा प्रसंग पुन्हा उभा करायचाय. थोडी राख, आणि ती भांडी. तुम्ही सांगाल का त्यांना?"

मी सांगायच्या आधीच अक्कानं ऐकलं. ती उठली, फळीपुढं जाऊन उभी राहिली. "राख फासायची तर माझ्या तोंडाला फासा. भांडी पालथी करायची न्हाय."

"आजी, खोटं दाखवण्यासाठी नाही, खरं दाखवण्यासाठी."

"दोन्हीला पालथीच लागत्यात व्हय गं?"

तन्वी भली होती, तिनं ते सोडून दिलं. म्हणाली, मग निदान हात तरी घेऊ आजी, विडी वळतानाचे. अक्का सूप घेऊन बसली.

डॉक्युमेंटरी आली ती मोबाईलवर. सगळी इंग्रजीत. पद्मानं गल्लीला बोलावलं, माझ्या शिकवणीच्या खोलीत आम्ही मोठ्या टीव्हीला जोडून लावली. अक्का खुर्चीवर, नवी साडी, कपाळाला ठसठशीत कुंकू. कोण कोण मोठी माणसं आली, बोलली, सई आली, रडली. मग पिस्ता भिंत दिसली, क्षणभर. आणि लगेच अक्काचे हात. फक्त हात. मागं सारंगी, तसलीच. आणि एका पुरुषाचा खर्जातला आवाज इंग्रजीत म्हणाला, चॅनेलनं आपल्या गोष्टीसाठी गल्लीतल्या एका खऱ्याखुऱ्या गरीब विडी कामगार बाईचं घर वापरलं, जिथं खरोखरच कित्येक दिवस चूल पेटत नसे. पडद्यावर जुन्या कार्यक्रमातली ती पालथी भांडी आली. अक्काचा एक शब्दही नाही.

मी दुसऱ्या दिवशी तन्वीला फोन करून नको नको ते बोलले. ती रडकुंडीला आली. म्हणाली, "टीचर, माझ्या हातात नव्हतं. वरच्यांना गोष्ट सोपी हवी होती. गरीब घर असलं की अन्याय लगेच कळतो." पण ते दुसऱ्या दिवशी.

त्या क्षणी खोलीत इंग्रजी कळणारी आम्ही दोघंतिघंच होतो. पद्माला कळत होतं, दहावी शिकलेली आहे ती, माझ्याकडंच शिकली. अक्का पडद्याकडं बोट करून म्हणाली, "माझेच हात की." मग पद्माकडं वळली. "सांगितलं का गं त्यांनी? ह्या घरात कुणी उपाशी न्हवतं म्हनून?"

पद्मानं पडद्यावरची नजर काढली नाही. म्हणाली, "चेप्पिन्रु अम्मा. अंता चेप्पिन्रु." सांगितलं आई, सगळं सांगितलं. एवढं तेलुगू मला येतं.

अक्काचं समाधान झालं नाही. इंग्रजीचा प्रश्न, म्हणून माझ्याकडं वळली. "व्हय का टीचर?"

गल्ली माझ्या तोंडाकडं बघत होती. पद्माही बघत होती. तिनं डोळ्यांनी जे मागितलं ते नाही म्हणायची माझी टाप नव्हती. "व्हय अक्का," मी म्हटलं. "सांगितलं."

अक्कानं कनवटीची पुडी सोडली आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी मनाची कशीबशी समजूत घातली असती. सकाळी अक्का पद्माचा मोबाईल घेऊन माझ्या दारात. "टीचर, हे त्या भिवंडीवाल्यांना धाडा की. नंबर पद्मा देत न्हाय. माझ्याकडं जुन्या चिठ्ठीवर हाय, चालू हाय, मी इचारून घेतलंय."

काय धाडू? त्यात त्या घराला पुन्हा उपाशी म्हटलेलं, तेही आता खरं म्हणून, सगळ्या जगापुढं. मी म्हटलं, "धाडते अक्का," आणि मोबाईलवर उगाच बोटं फिरवली. त्यानंतर रोज ओट्यावरून तिची हनुवटी वर व्हायची. शब्द नाही, नुसती हनुवटी. बघितलं का त्यांनी? मी मान हलवायची, अजून नाही. आठ दिवस, दहा दिवस. शिकवणीला जाता येता मी मागच्या दारानं जायला लागले. माझ्याच घरातून, चोरासारखी.

एका शुक्रवारी मी कुलूप लावत होते आणि ती उंबऱ्याला हळद माखत होती. हनुवटी वर झाली. मला सहन होईना. मी म्हटलं, "बघितलं अक्का."

ती हळदीच्या हातानं उठली. "काय म्हनाले?"

आता हेही मीच बनवायचं. टीव्हीवाल्यांना शिव्या देणारी मी! "म्हणाले, आमचं चुकलं. घर चांगलं होतं."

अक्कानं चौकटीला हात टेकला. पिवळी पाची बोटं उमटली तिथं, ती अजून आहेत. मग म्हणाली, "सरळ मानसं हायत. मला म्हाईत होतं." आणि आत जाऊन मोठ्यांदा पद्माला हाका मारायला लागली.

संध्याकाळी चिंचेचा भात आला. तोच पितळी डबा. पद्मा घेऊन आली होती, दारातच माझ्या हातात देऊन खाली मान घालून गेली. मी तो भात खाल्ला. चांगला झाला होता, मीठ थोडं जास्त. अक्काला ताप भरला तो त्याच आठवड्यात, आणि दवाखान्यातून ती परत आली नाही. उंबऱ्यावर पिवळा हात घेऊन उभी राहिलेली, तेवढंच मला झालेलं तिचं शेवटचं दर्शन.

परवा पद्मानं ओट्यावरून विचारलं, "टीचर, अम्माचा डबा तुमच्याकडं हाय का?"

"बघते," मी म्हटलं.

बघायचं काय त्यात? फळीवर आहे. घासून, पुसून, तोंड वर करून ठेवलाय. रिकामा द्यायचा नसतो एवढं मला अक्कानंच शिकवलंय. रोज साखरेची बरणी खाली काढते, चमचा हातात घेते, आणि माझा हात काही पुढं होत नाही.